मनीची जखम कशी भरून आली?

कळंबोलीला आमच्या वसाहतीत जिन्याखाली एक मांजर राहत असे. अंगाने करडी, पोट पांढरे, शेपटीला काळी वळी. तिचे कोणी बारसे केले नव्हते, पण सगळेजण तिला मनी म्हणत. एका वर्षात ती दोन वेळा व्याली. पहिल्या वेताची तीन पिल्ले पावसात गेली. दुसऱ्या वेतातील एक पिल्लू पोलाद बाजाराकडे जाणाऱ्या मालमोटारीखाली सापडले. तेव्हा वसाहतीतील मुलांनी वर्गणी काढली आणि मनीची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरले. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे ती आमच्या घरी राहिली. त्या दोन आठवड्यांत मी एक चूक केली आणि त्या चुकीमुळे बरेच काही शिकलो. आज मी तुम्हाला तेच सांगणार आहे.

शस्त्रक्रिया कशासाठी?

मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे वर्षातून दोन-तीन वेते होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. एका वेतात बहुधा तीन ते पाच पिल्ले होतात. त्यांतील किती जगतात, हे रस्त्यावरच्या मांजरांकडे पाहिले की कळते. निर्बीजीकरणात पशुवैद्य मांजरीची दोन्ही बीजांडकोशे आणि बहुधा गर्भाशयही काढून टाकतात. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते आणि ती फक्त नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायची असते.

पोटात शिरण्याचे दोन मार्ग आहेत. एक पोटाच्या मध्यरेषेवरून आणि दुसरा कुशीवरून. मनीच्या डाव्या कुशीवर सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा छेद घेतला होता. रस्त्यावरच्या मांजरीसाठी कुशीचा छेद सोयीचा पडतो, कारण तिला न पकडता, चार पावलांवरूनही जखम पाहता येते.

छेद बाहेरून एकच दिसला तरी टाके थरांचे असतात. सर्वांत आत पोटाच्या स्नायूंचा थर, मग कातडीखालचा चरबीचा थर आणि शेवटी कातडी. पोटातील आतडी जागच्या जागी ठेवण्याचे काम स्नायूंचा थर करतो. कातडीचा टाका सुटला तर ते वाईटच. पण स्नायूंचा टाका सुटला तर प्राणावर बेतते. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्या कामी येणार आहे.

पहिली रात्र

मनीला झाकणाच्या टोपलीतून घरी आणले तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. भुलीचा अंमल असताना शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा मंदावते. मांजराचे वजन जेमतेम तीन किलो. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून त्यातील उष्णता लवकर निघून जाते. (चहा बशीत ओतला की कपातल्यापेक्षा लवकर निवतो, त्यातलाच हा प्रकार.) म्हणून तिला फरशीवर न ठेवता घडी केलेल्या गोधडीवर ठेवले. गरम पाण्याची पिशवी अंगाला चिकटवून ठेवायची नाही. गुंगीतल्या जनावराला चटका बसला तरी बाजूला सरकता येत नाही.

पाणीही घाईने पाजायचे नाही. गिळण्याची क्रिया पूर्ववत झाली नसेल तर पाणी श्वासनलिकेत जाते. मनी स्वतः मान धरून बसू लागली, तेव्हा बशीत थोडे पाणी ठेवले आणि नंतर नेहमीच्या चौथा हिस्सा अन्न दिले. खिडक्या लावून घेतल्या. झोकांड्या खाणारे मांजरसुद्धा सवयीने माळ्यावर उडी मारायला पाहते.

मुलीने मनीच्या कानाला हात लावून पाहिला आणि ती म्हणाली, "बाबा, हिला ताप आहे." ताप नव्हता. निरोगी मांजराचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असते, म्हणजे आपल्यापेक्षा एक-दोन अंशांनी अधिक. मांजर आपल्या हाताला ऊनच लागायचे.

जखमेत काय चालते?

आता आपण जखमेच्या आत डोकावू. जखम भरून येणे म्हणजे दोन कडा नुसत्या चिकटणे नव्हे. ते एक बांधकाम आहे आणि त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिली पायरी रक्त गोठण्याची. ही काही मिनिटांत होते. रक्तातील बिंबिका तुटलेल्या वाहिन्यांच्या तोंडाशी गोळा होतात आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती जाळे विणतात. हीच जखमेची पहिली, तात्पुरती खपली.

दुसरी पायरी दाहाची. जखमेभोवतीचा भाग लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि दुखतो. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. ही लक्षणे दिसली की आपण घाबरतो. पण पहिल्या तीन-चार दिवसांत सौम्य प्रमाणात ती दिसणे म्हणजे काम सुरू झाल्याची खूण होय. केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून श्वेतपेशी बाहेर पडतात आणि जंतू व मृत पेशींचे तुकडे गिळू लागतात. या गिळणाऱ्या पेशींचे कार्य एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओळखले. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! १९०८ साली त्याला पॉल एर्लिकबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मनीच्या कुशीत पहिल्या तीन दिवसांत नेमके हेच चालले होते. फक्त काट्याच्या जागी तिथे शस्त्राचा छेद होता.

तिसरी पायरी बांधणीची. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास तंतुजनक पेशी जखमेत येऊन कोलॅजन या प्रथिनाचे धागे तयार करू लागतात. नव्या केशवाहिन्या फुटतात. हे काम तीन आठवडे जोरात चालते.

चौथी पायरी डागडुजीची. आधी वेडेवाकडे पडलेले कोलॅजनचे धागे ताणाच्या दिशेने नीट रचले जातात. याला कित्येक महिने लागतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. टाके घातलेल्या जखमेवर कातडीच्या सर्वांत वरच्या पेशी दोन्ही कडांकडून सरकत येतात आणि एक-दोन दिवसांतच पातळ पडदा धरतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, जखम मिटली. पण मिटणे वेगळे आणि भक्कम होणे वेगळे. प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले आहे, की पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम ३ ते ५ टक्के असते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती सुमारे २० टक्के होते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. पूर्ण शंभर टक्के ती कधीच होत नाही.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेला कोण सावरून धरते? टाक्यांचा दोरा.

दोऱ्याची गोष्ट

जखम शिवण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत टाक्यांसाठी सण, जवसाचे सूत, स्नायुतंतू आणि केस यांचा उल्लेख आहे. आतड्याची जखम जोडण्यासाठी मोठ्या मुंग्यांचा चावा घेववून त्यांची मुंडकी तशीच ठेवण्याची युक्तीही तिथे सांगितली आहे.

पुढे आतल्या टाक्यांसाठी कॅटगट नावाचा दोरा प्रचारात आला. नावात कॅट आहे म्हणून मांजरप्रेमींनी दचकू नये. हा दोरा मेंढी किंवा गुरे यांच्या आतड्यांतील थरापासून करतात, मांजराच्या नव्हे. शरीरातील विकरे हे प्रथिन पचवून टाकतात. १९७० च्या दशकात कृत्रिम बहुवारिकांचे दोरे आले. त्यांचे रेणू पाण्याच्या योगाने हळूहळू तुटतात. पॉलिग्लॅक्टिन हा त्यांतील एक प्रसिद्ध प्रकार. शरीरात घातल्यावर दोन आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद शिल्लक असते, तीन आठवड्यांनी सुमारे ५० टक्के, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तो पूर्ण विरघळून जातो.

आता हे आकडे आणि जखमेच्या ताकदीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोरा जसजसा दुबळा होतो तसतशी जखम बळकट होत जाते. नवा पूल तयार होईपर्यंत जुना लाकडी साकव उभा ठेवावा, तसेच हे आहे. मधल्या काळात कोणी साकवावर नाचू लागले तर? म्हणूनच पशुवैद्य सांगतात, की दहा ते चौदा दिवस उड्या नकोत, पळापळ नको आणि चाटणे तर मुळीच नको.

माझी चूक

मनीच्या गळ्यात डॉक्टरबाईंनी प्लॅस्टिकचा शंकू बांधून दिला होता. फुलाच्या पाकळ्यांत चेहरा असावा तशी ती दिसे. मुलांना मौज वाटली, मनीला मात्र अजिबात नाही. ती दारांना, खुर्च्यांना धडकायची, मागे मागे सरकत जायची. तिसऱ्या दिवशी रात्री ती बशीतले दूध पिताना शंकू बशीवर आपटू लागला. मला दया आली. जखम तर मिटलेली दिसत होती. "रात्रभर काय बिघडते?" असे म्हणून मी शंकू काढला.

सकाळी मनी कपाटामागे सापडली. कुशीवरचे दोन टाके नाहीसे झाले होते. जखमेची कडा उघडी पडून ओली लाल दिसत होती.

एका रात्रीत हे कसे झाले? मांजराची जीभ तुम्ही हातावर अनुभवली असेल. कानशीसारखी खरखरीत लागते. तिच्यावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्या द्रव्याचे, मागे वळलेले शेकडो काटे असतात. या काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असून त्यांत लाळ धरून ठेवली जाते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. केस विंचरायला हे उत्तम साधन आहे. पण तीन दिवसांच्या कोवळ्या पडद्यावर तेच साधन फिरले, तर पडदा खरवडून निघतो आणि दोऱ्याची गाठ सुटते.

"पण जनावरे जखम चाटूनच बरी करतात ना?" असे तुम्ही विचाराल. लाळेत जंतूंना मारणारी काही द्रव्ये असतात हे खरे. पण त्याच तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा यांसारखे जंतूही मुक्कामाला असतात. रानात किरकोळ ओरखडा चाटून साफ करणे उपयोगी पडत असेल. टाके घातलेल्या छेदाला मात्र चाटण्याने फायद्यापेक्षा तोटाच अधिक.

हळद लावावी का?

मी टोपली शोधत होतो तेवढ्यात शेजारच्या आजी हळदीची वाटी घेऊन आल्या. हेतू चांगलाच होता. जखमेवर हळद हा आपल्याकडचा फार जुना उपाय. तो इतका जुना, की १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे एकस्व दिले गेले, तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर परिषदेचे महासंचालक होते. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले.

पण या निकालाने काय सिद्ध झाले, हे नीट समजून घ्या. हळदीचा उपयोग नवा नाही, एवढेच सिद्ध झाले. डब्यातील कोणतीही हळद कोणत्याही जखमेत भरावी, असे त्यातून निघत नाही. स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते. तिच्या कणांनी जखमेचा खरा रंग झाकला जातो, म्हणजे लाली वाढली की कमी झाली हे कळत नाही. शिवाय मांजर ती चाटणार. मी आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं बाबा, मग डॉक्टरांकडे ने, पण उशीर नको करू." हा सल्ला मात्र हळदीपेक्षा मोलाचा होता.

दोन विषारी उपाय

त्याच सकाळी आणखी दोन सूचना आल्या. एकाने म्हटले, दुखत असेल, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या. दुसऱ्याने म्हटले, जखम फिनेलच्या पाण्याने पुसा. या दोन्ही सूचनांनी मनीचा जीव गेला असता.

माणसाच्या यकृतात पॅरासिटामॉलच्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्लाचा रेणू जोडला जातो. मग ते पाण्यात विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. ही जोडणी करणाऱ्या विकराचे जनुक मांजराच्या कुळात मोडके आहे. त्यामुळे औषध साचते आणि त्यापासून विषारी पदार्थ तयार होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतो; मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, श्वास लागतो, चेहरा सुजतो. आता गणित करा. ५०० मिलिग्रॅमची गोळी ६० किलोच्या माणसाने घेतली तर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पडतात. तीच गोळी तीन किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे सुमारे १६७! अर्धी दिली तरी ८३. म्हणून माणसाचे कोणतेही वेदनाशामक मांजराला देऊ नये.

फिनेलची कथा अशीच आहे. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने जखमांसाठी कार्बॉलिक आम्ल वापरले आणि त्यातून जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. कार्बॉलिक आम्ल म्हणजेच फेनॉल. असंख्य माणसांचे प्राण ज्याने वाचवले, त्या द्रव्याच्या कुळातील जंतुनाशके मांजराला मात्र विषारी ठरतात, कारण फेनॉलची विल्हेवाट लावण्यासाठी यकृताला तीच जोडणी लागते. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला विष कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुढे काय झाले?

डॉक्टरबाईंनी जखम तपासली. कातडीचे दोन टाके गेले होते, पण आतला स्नायूंचा थर शाबूत होता. मघाशी सांगितलेला फरक आठवा. मनी वाचली ती त्यामुळे. त्यांनी जखम स्वच्छ केली, टाके पुन्हा घातले आणि इंजेक्शन दिले. मला त्या एवढेच म्हणाल्या, "सर, दया तुम्हाला आली, पण सोसावे लागले तिला." मी मान खाली घातली.

त्यानंतर आम्ही नियम पाळले. पावसाचे दिवस होते. ओल आणि माश्या ही जखमेची मोठी संकटे. माशीने जखमेत अंडी घातली तर अळ्या पडतात. म्हणून मनीला घराबाहेर सोडले नाही. तिच्या शी-शूच्या पेटीतील वाळू काढून वर्तमानपत्राचे कपटे घातले, कारण वाळूचे कण जखमेला चिकटतात. जखमेला पाणी, मलम, पावडर काहीही लावले नाही. दिवसातून दोन वेळा, उजेडात, हात धुऊन जखम पाहायची आणि वहीत नोंद करायची, हे काम मुलीने घेतले. तिच्या नोंदी थोडक्यात अशा:

पुन्हा टाके घातल्याचा दिवस: कडा लाल, किंचित सूज. खाणे निम्मे.
तिसरा दिवस: सूज तेवढीच. खाणे पूर्ण. खेळायला पाहते, खेळू दिले नाही.
पाचवा दिवस: लाली कमी. जखमेखाली वाटाण्याएवढी टणक गाठ लागते. (डॉक्टरांना विचारले. आतल्या दोऱ्याभोवती अशी गाठ येऊ शकते, वाढली तर दाखवा, असे त्या म्हणाल्या.)
आठवा दिवस: कडा कोरड्या, फिकट गुलाबी.
अकरावा दिवस: टाके काढले. गाठ लहान झाली.

डॉक्टरांकडे केव्हा धावायचे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये: रक्त थेंब थेंब वाहत राहणे, पू किंवा दुर्गंधी, कडा उघडणे, लाली व सूज कमी होण्याऐवजी रोज वाढणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, वारंवार उलट्या, चोवीस तासांहून अधिक काळ काहीच न खाणे, थंड कोपऱ्यात निपचित पडून राहणे. जखमेतून आतला भाग बाहेर येताना दिसला तर तो हाताने आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून तडक दवाखाना गाठावा.

तुमच्यासाठीही एक सूचना आहे. दुखणाऱ्या मांजराला हाताळणे मोठ्या माणसांसमोरच करा. ते चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो.

करून पाहा: शंकूचे गणित

मनीचा प्लॅस्टिकचा शंकू एके दिवशी तडकला. तेव्हा आम्ही एक्स-रेच्या जुन्या फिल्मचा नवा केला. तुम्ही तो जाड पुठ्ठ्याचा करून पाहा.

गळ्याचा घेर मोजला: २० सें.मी. दोन बोटे सहज आत जावीत म्हणून २ सें.मी. वाढवले. म्हणजे आतला घेर २२ सें.मी. गळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर ९ सें.मी. भरले. शंकू नाकाच्या पुढे ३ सें.मी. यायला हवा, म्हणून तिरकी उंची १२ सें.मी. बाहेरचा घेर ६६ सें.मी. ठरवला.

कागदावर एकाच केंद्रातून दोन वर्तुळे काढा. एकाची त्रिज्या ६ सें.मी., दुसऱ्याची १८ सें.मी. फरक १२, म्हणजे आपली तिरकी उंची. आता केंद्राशी २१० अंशांचा कोन घ्या आणि त्या कोनात येणारी पट्टी कापा. आतल्या कंसाची लांबी पाहा: २१०/३६० × २ × २२/७ × ६ = २२ सें.मी. बाहेरच्या कंसाची: २१०/३६० × २ × २२/७ × १८ = ६६ सें.मी. हवे ते माप बरोबर आले! जोडण्यासाठी एका कडेला २ सें.मी. जादा ठेवायला विसरू नका. आतल्या कडेला कापडी चिकटपट्टी लावा, नाहीतर ती कड गळ्याला कापते. खऱ्या मांजराला घालण्यापूर्वी पशुवैद्यांना दाखवा. शंकू घालून मांजराला श्वास घेता येतो, खाता-पिता येते आणि जखमेपर्यंत जीभ पोहोचत नाही, या तिन्ही गोष्टी पाहिल्यावरच तो योग्य समजावा.

आणि दूध पिताना शंकू आपटतो त्याचे काय? त्यावर उपाय फार साधा होता. बशी उलट्या वाटीवर ठेवून थोडी उंच केली. शंकू काढायची गरजच नव्हती. तिसऱ्या रात्री हे मला सुचायला हवे होते.

विचार करा

१. जखमेची ताकद (१, ३ व १३ आठवडे) आणि दोऱ्याची ताकद (०, २, ३ व ९ आठवडे) यांचे आलेख एकाच कागदावर काढा. दोन्ही रेषा साधारण कोणत्या काळात एकमेकींना छेदतात?
२. पहिल्या तीन दिवसांतील सूज आणि आठव्या दिवशी नव्याने आलेली सूज यांचा अर्थ एकच असेल का? कारण सांगा.
३. गळ्याचा घेर २४ सें.मी. (सैलपणा धरून) आणि तिरकी उंची १२ सें.मी. असेल, तर बाहेरचा घेर ६८ सें.मी. येण्यासाठी किती अंशांचा कोन आणि किती त्रिज्या घ्याव्या लागतील?
४. एखादा उपाय फार जुना आहे, हे तो सुरक्षित असल्याचे पुरेसे कारण होते का? हळदीच्या उदाहरणावरून वर्गात चर्चा करा.

मनी आता पुन्हा जिन्याखाली राहते. कुशीवरचे केस वाढले आहेत आणि व्रण शोधूनही सापडत नाही. मी आलो की ती उठून जवळ येते. गळ्याकडे हात नेला मात्र, की दोन पावले मागे सरते.